आठशे मीटरचे सुवर्णपदक परत घेण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
स्पर्धक पात्रता समिती,
मैदानी खेळ संघटना, मुख्य क्रीडासंकुल.

विषय : महिलांच्या आठशे मीटर शर्यतीचे मला पाठवलेले सुवर्णपदक परत घेणे व तक्रारदार म्हणून लावलेले माझे नाव काढणे.

संदर्भ : सूचनाफलकावरील कागद फाडल्याबद्दल खुलासा मागणारे आपले पत्र.

महोदय,

कागद मीच फाडला. खुलासा खालीलप्रमाणे.

१. त्या शर्यतीत पहिली आलेली धावपटू उंच, काटकुळ्या पायांची आहे. मैदानावर सगळ्या तिला बगळी म्हणतात आणि तीही त्या नावाला ओ देते. शर्यतीनंतर तिचा दम खाली बसला नव्हता, तोच आपले दोन पदाधिकारी तिला मॅट ठेवायच्या खोलीकडे घेऊन गेले. उत्तेजकांसाठीची नेहमीची लघवीची तपासणी असेल असे समजून ती पाण्याची बाटली घेऊन हसत गेली. खोलीच्या दाराला कडी नव्हती. मी बाहेर बाकावर बूट काढत होते, त्यामुळे डॉक्टरांचे सगळे कानावर पडत होते. पाळी येते का, कपडे काढ, अजून काढ, नीट उभी राहा. मध्येच एक पदाधिकारी चहाचा कप घेऊन आत निघाले. मी आडवी आले तर म्हणाले, "दोनच मिनिटं. बघायचंय तेवढं बघून घेऊ दे." हे आपल्या दप्तरी असावे.

बगळी बाहेर आली तेव्हा भर उन्हात तिने जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली होती. म्हणाली, "माझं काय चुकलं, तुला काही कळलं का?" मला कळले नव्हते.

२. पुढे तिच्या रक्ताचा अहवाल आला. तो तिच्या हाती पडण्याआधी बसच्या वेळापत्रकाशेजारी फलकावर लागला. आपल्या शरीराची घडण जन्मापासूनच वेगळी आहे, हे तिला ठाऊक नव्हते. ते तिला मोबाइल उंचावून फोटो काढणाऱ्या गर्दीच्या मागे उभे राहून वाचावे लागले. तेव्हा मी कागद फाडला. शिपायाने दुसरी प्रत लावली, तीही फाडली. आपल्या पत्रात एकदाच फाडल्याचे म्हटले आहे, ते दुरुस्त करावे.

३. तिला अपात्र ठरवून पहिला क्रमांक मला देणाऱ्या आपल्या निवेदनात 'बाधित स्पर्धकाच्या तक्रारीवरून' असे छापून पुढे माझे नाव घातले आहे. मी तक्रार केलेली नाही. शेवटच्या वळणावर बगळी दर वेळी मला मागे टाकते आणि मी न्हाणीघरात नळ सोडून रडलेली आहे, हे खरे. तिच्या शरीराचा तिला फायदा होतो की नाही, मला सांगता येणार नाही. जाणकारांनी बसून ठरवावे, नियम शर्यतीआधी सांगावा, मुलीला तिच्या माणसांसमवेत बंद दाराआड समजावावे. तो निकाल माझ्या विरुद्ध गेला तरी मी मान्य करीन. परंतु आपण जे केले त्याला तपासणी म्हणत नाहीत, आणि ते माझ्या न्यायासाठी केले असे सांगू नये. मला त्याची किळस वाटते.

४. मी तिच्या घरी गेले होते. आई शिवणकाम करते. मशीनवरून न उठताच म्हणाली, "मी वाढवलीय तिला. मला एका शब्दानं विचारलं का कुणी?" बगळीला खेळाडू म्हणून मिळालेली कारकुनाची नोकरी आहे. आपले निवेदन वाचून तिथल्या बायकांनी तिला स्वच्छतागृह वापरायला मनाई केली. तिने कुठे जावे, असे साहेबांना विचारले, तर 'वरून मार्गदर्शन मागवले आहे' असे उत्तर मिळाले. मार्गदर्शन येईपर्यंत ती कार्यालयात पाणी पीत नाही. तिला स्वच्छतागृह वापरू द्यावे, असे आपण तिच्या साहेबांना आजच लेखी कळवावे, ही विनंती मी हात जोडून करते. बाकी सगळ्या अर्जात हात जोडलेले नाहीत.

५. पदक मी तिच्यापुढे ठेवले. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि माझ्याकडे सरकवले. "हे तुझ्या नावानं आलंय. माझ्या नावानं पाठवतील तेव्हा घेईन." मग आत जाऊन तिने मला चहा आणला. स्वतः मात्र घेतला नाही. तिला कामावर जायचे होते.

६. आता पहिली म्हणून माझीही पात्रता तपासायची आहे, तरी सोमवारी त्याच खोलीत हजर राहावे, असा निरोप काल आला. मी येणार नाही. माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. त्या कारवाईचा कागद फलकावर लावायचा असल्यास खुशाल लावावा, तो मी फाडणार नाही.

कळावे.

आठशे मीटर शर्यतीत दुसरी आलेली,
(सही)

दिनांक : निरोप मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी

सोबत :
१) सुवर्णपदक, डबीसह.
२) 'माझ्यावर अन्याय झाला होता' असे लिहून सहीसाठी पाठवलेला आपला मसुदा, सही न करता.