बोल्टवरची पुट्टी

वर्क्सवर्थ, डर्बिशायर
रविवार, १४ ऑक्टोबर २०१८

प्रिय नेव्हिल,

तू बरा असशील आणि व्हिटबीचा वारा अजून लोकांच्या टोप्या उडवत असेल, असं धरून चालते. आम्ही नवराबायको बरे आहोत. कॉलिनने यंदा सफरचंदाची इतकी चटणी घातली की जिन्याखाली बरण्यांना जागा उरली नाही. एक बरणी तुझ्या नावाने बाजूला काढलीय. अकरा वर्षं दर ऑक्टोबरात काढते आणि मार्चमध्ये आम्हीच खातो.

पत्राचं कारण मात्र चटणी नाही, क्लच आहे. ज्या गाडीचं नाव मी तुझ्यापुढे काढू नये, तिचाच क्लच. पण तिच्यातलं ते मोटरसायकलचं इंजिन तुझ्याइतकं कुणी ओळखत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. कंटाळलास तर मधे चहा ठेव, पण पुढे वाच.

मे महिन्यात सुरू झालं. सिग्नलला थांबले, क्लच दाबला, तरी गाडी हळूहळू पुढे सरकतेय. न्यूट्रल सापडेना. पहिला गिअर टाकताना असा खरखराट की शेजारी बसलेल्या कॉलिनने डोळे मिटून घेतले. एकदा तर बाजारातल्या चौकात मी झेब्रा पट्ट्यांवर घुसले आणि तिथेच इंजिन बंद पडलं. रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईने काठीने बॉनेटवर टकटक केलं. म्हणाली, "आधी मी जाऊ, की तुम्हालाच घाई आहे?"

क्लच पुरता सुटत नाही हे उघड होतं. का सुटत नाही, एवढाच प्रश्न. तीस वर्षं गिरणीत विणकामाची यंत्रं दुरुस्त केलेल्या बाईला असा प्रश्न म्हणजे मेजवानीच.

आधी तेलाचा संशय घेतला. मोटरसायकलचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो, हे मी तुला काय सांगायचं. तेल जाड असलं की प्लेटा एकमेकींना सोडत नाहीत. तेल बदललं, फरक शून्य. मग केबल ताणली, मग नवीच घातली. मग झाकण उघडून प्लेटा बाहेर काढल्या. लोखंडी प्लेटा वाकल्यात का ते बघायला कॉलिनच्या काचघराची एक काच आणली आणि एकेक प्लेट तिच्यावर ठेवून खाली पातळ पट्टी सरकवून पाहिली. सगळ्या सरळ. तरी नव्या मागवल्या. त्या बसवण्याआधी रात्रभर तेलात भिजवाव्या लागतात, तर मी त्या ट्रायफल पुडिंगच्या काचेच्या वाडग्यात भिजवल्या. कॉलिन त्या वाडग्याबद्दल अजून बोलतो.

नव्या प्लेटांनीही तेच.

आता यातली गंमत ऐक. सकाळी निघाले की क्लच अगदी शहाण्यासारखा वागायचा. वीसेक मैलांनंतर त्याचं डोकं फिरायचं. मी वही घातली: किती मैल, किती थांबे, इंजिन किती तापलं. वाटलं, तापून काहीतरी फुगतंय. पण त्याच तापल्या इंजिनानिशी गाडी घरी आणून चाकं अधांतरी राहतील अशी लोखंडी घोड्यांवर चढवली, गिअरमध्ये ठेवली आणि आत वाकून पेडल हाताने दाबलं, की क्लच लख्ख सुटायचा. मागची चाकं बोटाने फिरायची. हाताने दाबला तर सुटतो आणि पायाने दाबला तर नाही, असा क्लच मी जन्मात पाहिला नव्हता. दोन आठवडे मी त्याच विचारात होते. झोपेतसुद्धा केबल ओढत होते म्हणे.

मधेच एक सांगायचं राहिलं, जुलैत मी जिन्यावरून पडले. विशेष काही नाही. कॉलिनने चटई वाकडी घातली होती. डावी सपातही सारखी पायातून निसटते. स्वस्तातली आणली की असंच होतं.

शेवटी फ्रेटवेलला बोलावलं. आमच्या क्लबातला आहे, आमच्यासारखाच पेट्यांतून सुटी आलेली गाडी घरी जोडणारा. निवृत्त पोस्टमन, तोंडाचा फटकळ. गाडी घेऊन गेला तो दोन तासांनी मांसाची पाई खात परत आला.

"काय धाड भरलीय क्लचला? लोण्यासारखा आहे."

"वीस मैलांनंतर बघायचं होतंस," मी म्हटलं.

"चाळीस झाले, बाई. बक्स्टनला जाऊन आलो."

मग आम्ही गाडी ढकलत गॅरेजमध्ये मागे घेतली. मोटरसायकलच्या इंजिनाला मागचा गिअर कुठला असायला. फ्रेटवेल म्हणाला, "मागे जायचं म्हणून हिला ठाऊक नाही. मालकिणीवर गेलीय." एरवी मी त्याला चांगलं सुनावलं असतं. पण ढकलताना माझा डावा पाय खडीवर दोनदा मुडपला होता, आणि ते त्याने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीच्या काचांना लावतात ती पुट्टी घेतली आणि एकटीच निघाले. पेडल पूर्ण दाबलं की ते पुढच्या एका बोल्टला टेकतं, ते तुला आठवत असेल. वीस मैल गेल्यावर एका कॅफेच्या आवारात थांबले आणि त्या बोल्टच्या डोक्यावर वाटाण्याएवढी पुट्टी चिकटवली. मग आणखी पाच मैल. प्रत्येक थांब्याला पेडल पार तळापर्यंत दाबलं. कोर्टात शपथेवर सांगितलं असतं. घरी येऊन वाकून पाहिलं. वाटाणा होता तसा होता. त्यावरचा माझ्या बोटाचा ठसासुद्धा मोडला नव्हता.

गिरणीत नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे: यंत्राला नावं ठेवण्याआधी आपला हात बघा.

क्लच ठीक आहे, नेव्हिल. माझा डावा पाय ठीक नाही. चटई सरळच होती.

डर्बीच्या डॉक्टरीणबाईंनी सुया टोचून तपासलं. पायाकडे जाणारी नस काम सोडत चाललीय. कुठवर सोडेल ते जानेवारीत कळेल. मला भीती वाटते. हे कॉलिनलाही अजून एवढं सरळ सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी त्याने माझा हात हातात घेतला आणि अगदी मायेने म्हणाला, "ती गाडी आता तुला लागणार नाही, मॅक्सीन."

मी उठून गॅरेजमध्ये गेले. त्या बिचाऱ्याला कळेना, आपलं काय चुकलं. त्याला कुठून कळणार, ते वाक्य माझं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्या अपघातानंतर तू खुब्यात खिळे घालून इस्पितळात पडला होतास, दुसरा आठवडा होता. तुझी काळी नऊशे सीसीची मोटरसायकल माझ्याकडे सांभाळायला होती आणि माझ्या गाडीची चौकट इंजिनावाचून अडली होती. मी द्राक्षं घेऊन तुझ्यापाशी बसले आणि म्हटलं, "ती आता तुला लागणार नाही, नेव्हिल." तेव्हा इंजिन आधीच बाहेर निघालं होतं. तू एवढंच म्हणालास, "विचारायचं तरी होतंस." आणि हँडलवरचा क्लचचा लिव्हर तेवढा मागून घेतलास.

भंगारासाठी भाऊ रुसला, असं मी लोकांना सांगत फिरले. दीड वर्षाने तू दुसऱ्या मोटरसायकलवर आमच्या दारावरून गेलास. मी खिडकीतच होते. तू थांबला नाहीस. मला आनंद झाला आणि रागही आला, कारण तू मला खोटं पाडलं होतंस. मी इंजिन नाही, तुलाच भंगारात काढलं होतं. माफ कर. हे सांगायला मला स्वतःचा पाय जावा लागला, याची लाज वाटते.

आता कामाचं. फ्रेटवेलने कागदावर काढून दिलंय: क्लचचा लिव्हर गिअरच्या दांड्यावरच बसवायचा, मूठ आवळायची आणि दांडा ओढायचा. ते इंजिन जन्मापासून हातानेच चाललेलं, त्याला काय नवल. लायसन्सच्या कचेरीला पायाचं कळवलंय. त्यांनी परवानगी दिली तर ठीक, तोवर गाडी घोड्यांवरच राहील. कॉलिनने नाइलाजाने मान डोलावलीय.

लिव्हर दुकानात मिळतो. पण तुझा तो पडताना आत वाकलेला आहे, आणि माझ्या आखूड बोटांना तो वाकच सोयीचा पडेल. खरं सांगायचं तर सोयीचं निमित्त आहे. मला तोच हवा आहे.

नाही म्हणालास तरी चालेल. मग मी इंजिन काढून नव्या प्लेटांसकट व्हिटबीला आणून देईन, कारण ते तुझं आहे. हो म्हणालास तर पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. बरणी जिन्याखालीच आहे.

तुझा लिव्हर मी घेऊ का, नेव्हिल?

या वेळी आधी विचारणारी तुझी बहीण,
मॅक्सीन