तासाला चार हजार

उचगाव,
१२ ऑगस्ट

प्रिय आफशीन,

खूप खूप दुवा. घरात आपण बोलतो ती भाषा वेगळी, पण मला लिहिता येतं ते शाळेत शिकलेलं मराठीच, म्हणून मराठीत लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर मुजम्मिलला फोन करून विचार.

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. अम्मीचा गुडघा पावसाळ्यात दुखतो, पण दिवसातून चारदा गच्चीचा जिना चढायचं ती सोडत नाही. तुझा भाऊ मुजम्मिल सकाळी नऊला दुकान उघडतो. तुला हे खरं वाटणार नाही, पण उघडतो. तू अम्मीला रोज फोन करतेस तेव्हा मी शेजारीच बसलेला असतो. तू विचारतेस, अब्बा कसे आहेत, ती म्हणते, बरे हायेत. गेल्या सात महिन्यांत आपलं दोघांचं बोलणं म्हणजे एवढंच. तू इथं असताना तरी आपण कुठं जास्त बोलत होतो म्हणा. मी काम सांगायचो आणि तू करायचीस.

धंद्याची बातमी आधी सांगतो. तू गेलीस तेव्हा बासष्ट दूध संस्थांत आपली मशीन होती. आता चौसष्ट झाल्यात. माझे वडील लोखंडी काटे घासून-पुसून दुरुस्त करायचे, मी इलेक्ट्रॉनिक काटे आणले आणि तू त्या काट्यात प्रोग्रॅम घातलास. दूध मोजायचं, फॅटचा आकडा घ्यायचा, दर लावायचा, पावती छापायची आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज पाठवायचा. वारणानगरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना तू हे सुरू केलंस आणि पुढं तीन वर्षं सांभाळलंस. लोक विचारायचे, ख्वाजाभाई, हे कुठल्या कंपनीकडून करून घेतलंत? मी म्हणायचो, घरातच केलं. आपल्या पोरीनं केलं असं म्हणायचो का, हे आता आठवून बघतो, तर आठवत नाही.

जूनच्या सुरुवातीला दूध संघानं दर काढायची पद्धतच बदलली. नवं दरपत्रक आपल्या मशीनला घेता येईना. पावत्या चुकीच्या निघायला लागल्या, संस्थांचे सचिव एकामागून एक फोन करू लागले. एक जण म्हणाला, "पावणं, आठ दिवसांत झालं न्हाय तर मशीन उचलून न्या." तुला फोन करायला मुजम्मिलनं तीनदा मोबाईल हातात घेतला आणि तिन्ही वेळा मीच नको म्हणालो. कुठल्या तोंडानं करणार होतो?

जानेवारीतली ती सकाळ तुझ्या जितकी लक्षात आहे तितकीच माझ्याही आहे. भागीदारीचा कागद ओट्यावर पडला होता. मी आणि मुजम्मिल, निम्मे निम्मे. तू वाचलास आणि विचारलंस, "माझं नाव?" मी हसून म्हणालो, "तू सासरी जाणार. मशीन काय रुखवतात मांडायची?" माझ्या मते ती थट्टा होती. मग तू म्हणालीस, "मग तीन वर्षांचा पगार तरी?" आणि मी म्हणालो, "घरच्या पोरीला पगार कसला?" तू आवाज चढवला नाहीस. राहिलेलं काम आठवडाभरात संपवलंस, सगळे पासवर्ड एका वहीत लिहून वही माझ्या हातात दिलीस आणि पुण्याला गेलीस. मला वाटलं, महिनाभरात येईल.

तर जूनमध्ये आम्ही माणूस शोधायला लागलो. कोल्हापुरातल्या एकानं दोन दिवस बघून सांगितलं, हे सगळं टाकून द्या आणि नव्यानं लिहा. दुसरा ॲडव्हान्स घेऊन आलाच नाही. तू ज्या भाषेत लिहिलंयस ती येणारी माणसं मोठ्या कंपन्यांत अडकलेली. आमच्या चौसष्ट मशीनसाठी कोण येतंय? शेवटी मुजम्मिलला इंटरनेटवर एक ठिकाण सापडलं, जिथं जगभरातली माणसं तासावर काम घेतात. आपली पोरं परदेशातली कामं घेतात हे ऐकून होतो. परदेशातल्या माणसानं उचगावचं काम घेतल्याचं पहिल्यांदाच बघितलं. मारेक त्याचं नाव, राहणार पोलंडचा. दर तासाला चाळीस युरो. म्हणजे किती, मी विचारलं. मुजम्मिल म्हणाला, "चार हजार, अब्बा. तासाला." मी म्हणालो, दिवसाला असेल, नीट बघ. त्यानं दोनदा बघितलं.

दुसरा इलाज नव्हता. रोज दुपारी दोनला, त्याच्याकडं सकाळ असताना, आम्ही तिघं कॉम्प्युटरवर भेटायचो. मुजम्मिल त्याचं इंग्रजी मला सांगायचा आणि माझं मराठी त्याला. माणूस सज्जन. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितलं, की महायुद्धात तुमच्या देशातली हजारो माणसं आमच्या शेजारी वळिवड्यात राहत होती. त्याला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, वडिलांना विचारलं, त्यांनी ऐकलं होतं. त्या गप्पांचेही पैसे लागतायत का, म्हणून मी घड्याळाकडं बघत होतो. त्यानं ते ओळखलं आणि हसून सांगितलं, ह्याचे नाहीत.

तो म्हणाला, बदल करायच्या आधी मला सगळा प्रोग्रॅम वाचावा लागेल, आणि त्यात मध्ये मध्ये कुणीतरी टिपा लिहिल्यात, त्या मला समजत नाहीत. मुजम्मिलनं त्या उघडून बघितल्या. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेल्या तुझ्या टिपा होत्या त्या. चारशेच्या वर. मारेक म्हणाला, एकेक वाचून अर्थ सांगा. म्हणजे तासाला चार हजार रुपये भरून मी परक्या माणसाला माझ्या पोरीचं लिहिणं समजावून सांगायला बसलो, आणि ते मी स्वतःही त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो.

एके ठिकाणी तू लिहिलंयस, "तानाबाईंनी किटली आपटली. चूक त्यांची नाही. नमुना न ढवळता घेतला होता. फॅट कालच्यापेक्षा एकदम उतरली तर आधी पुन्हा तपासायला सांगणे, मगच पावती." एका म्हशीवर घर चालवणारी ती म्हातारी, "माझी म्हस पाणी देती व्हय रं?" म्हणून संस्थेत ओरडत होती, तेव्हा मी तुला मशीन बघायला पाठवलं होतं. मशीन ठीक आहे एवढं तू येऊन सांगितलंस. मी पुढं विचारलं नाही. बाईसाठी तू प्रोग्रॅममध्ये अशी सोय केलीस हे मला मारेकमुळं कळलं. दुसरीकडं लिहिलंयस, "गगनबावड्याला पावसात रेंज जाते. मेसेज साठवून ठेवणे, रेंज आली की पाठवणे. अब्बांना सांगून उपयोग नाही, म्हणतील पावसाळा चारच महिन्यांचा." मुजम्मिलनं ते सांगितलं तसं मारेक मोठ्यानं हसला. मीही हसलो. मी अगदी तसंच म्हणालो असतो.

मग एक टीप आली आणि मुजम्मिल म्हणाला, ही नको, खाजगी आहे. मी म्हणालो, वाच. "अब्बा म्हणाले, एक बटण तर वाढवायचंय. नऊ दिवस लागले." एवढंच लिहिलेलं. पुढं तक्रार नाही, काही नाही. खाली लगेच पुढचं काम सुरू.

मारेकनं विचारलं, हे लिहिणारा माणूस आता कुठं असतो? मी म्हणालो, माझी मुलगी आहे, पुण्याला असते. तो खुर्चीत नीट बसला. म्हणाला, असं लिहिलेलं रोज वाचायला मिळालं तर मी निम्म्या दरात काम करीन. आणि पुढं अगदी सहज, धंद्यातला प्रश्न म्हणून विचारलं, तिला तुम्ही किती देत होता? मी म्हणालो, "घरचीच हाय की ती." हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मुजम्मिलला कळेना. शेवटी त्यानंच त्याच्या शब्दांत सांगितलं, काही देत नव्हतो. मारेकनं मान हलवली आणि पुढची टीप उघडली. त्याच्या तोंडावर राग असता तर मला सोपं गेलं असतं.

काम त्यानं चोख केलं. अठ्ठावन्न तास लागले, त्यातले वीस नुसते तुझं लिहिणं वाचण्यात गेले. नव्या शेडसाठी ठेवलेली रक्कम त्यात संपली. तिचं मला दुःख नाही. पण शेवटच्या दिवशी मी त्याला विचारलं, हे सगळं पहिल्यापासून तुमच्याकडून करून घेतलं असतं तर? त्यानं दुसऱ्या दिवशी लिहून कळवलं, कमीत कमी अकराशे तास. मुजम्मिलनं कॅल्क्युलेटर काढला आणि परत खिशात ठेवला. हिशेब मी तोंडीच केला. चव्वेचाळीस लाख. तेवढ्यात दुकान जागेसकट विकत येईल. तुला मी काय दिलं? ईदचे कपडे आणि स्कूटीचं पेट्रोल. त्या दिवशी मुजम्मिल जेवायला बसला नाही. अम्मीला म्हणाला, "मी काउंटरवर बसून दरमहा पगार घेत होतो, आणि ती आत बसलेली असायची." त्याला बोल लावू नकोस, आफशीन. कागद मी केला होता.

मग मी वकिलाकडं गेलो. नवा कागद केला, तिघांचा, सारखे हिस्से. त्यात मी एक कलम घालायला लावलं होतं, की प्रत्येक भागीदारानं पूर्णवेळ दुकानात काम करायचं. वकिलानं चष्म्यावरून बघितलं, पण लिहिलं. ते कलम कशासाठी होतं हे तुला सांगायला नको. गेल्या आठवड्यात मी ते काढून टाकलं. आता कागदावर माझी सही आहे, मुजम्मिलची आहे. तू सही केलीस तर हिस्सा तुझा, तू पुण्यात असलीस काय आणि कुठंही असलीस काय. नाही केलीस तरी वर्षाला तिसरा वाटा तुझ्या नावानं बँकेत पडत राहील. त्याबद्दल माझ्याशी वाद घालायचा असेल तर फोन कर. मला आवडेल.

आता हे पत्र कशासाठी, ते. आज सकाळी मुजम्मिलनं तुला एक मेल पाठवला आहे. पत्र पोचेपर्यंत तू तो वाचलेला असशील. मारेक एरवी ज्या कंपनीसाठी काम करतो तिला तुझ्यासारखं माणूस हवं आहे, पुण्यात बसून करायचं काम आहे, आणि उत्तराची मुदत वीस ऑगस्टपर्यंत आहे. तुझा पत्ता त्याच्याकडं नव्हता, म्हणून त्यानं तो मेल माझ्याकडं पाठवला, आणि मी त्याला शब्द दिला की लगेच पोचवतो. मेलवर सात जुलैची तारीख आहे. ती बघून तू विचारात पडली असशील. पोस्टाचा दोष नाही, मुजम्मिलचाही नाही. मी दाबून ठेवला. पाच आठवडे. वाटलं, आधी कागद तयार करावा, तू घरी यावीस, मग त्या मेलची गरजच उरणार नाही. परवा अम्मीला कळलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "ती तिची अमानत हाय. आधी पगार ठेवून घेतलात, आता हे पण?" माफी मागतो, बेटा. आता वीस तारखेला थोडेच दिवस उरलेत, तेवढ्यात नीट विचार कर आणि मारेकला काय ते तूच परस्पर कळव, मध्ये मी नको. जायचं ठरवलंस तर एक ऐक. पगार किती हवा असं त्यांनी विचारलं, तर आकडा आधी त्यांना बोलू दे. धंद्यातली ही एक गोष्ट मला अजून तुझ्यापेक्षा जास्त कळते.

तुझाच,
अब्बा