ज्युलिया मॅडमची शिकवणी

९ जानेवारी, गुरुवार

आज पुन्हा ज्युलिया मॅडम! जेवताना मॅडम, दप्तर भरताना मॅडम! माझ्या लेकीच्या, पूर्वाच्या, नववीच्या वर्गाला प्रोजेक्ट दिलंय — 'मला आवडणारी व्यक्ती'. बाईसाहेबांनी कोणाला निवडलं? तिचा बाप, स्वरूप, जिच्या बंगल्यावर स्वयंपाक करतो त्या बाईला! इथे आखातात, ब्रिटिश वकिलातीत, राजदूतांच्या खालोखाल हीच म्हणे.

"मम्मा, शी वॉज ओन्ली ट्वेंटी-थ्री! पहिलं पोस्टिंग कैरो. मग अम्मान, मग जिनिव्हा..." पाढे म्हणावेत तशी घडाघडा म्हणत होती.

मी म्हटलं, तेविसाव्या वर्षी मी चिपळूणला आठवीला मराठी शिकवत होते. तर म्हणते, "ओके." ओके!

११ जानेवारी

शनिवारी स्वरूप तिला बंगल्यावर घेऊन जातो. मॅडम अरबी शिकवतात, वर केक. मी मराठी शिकवायला बसले की मात्र कार्टीचं पोट दुखतं.

स्वरूपला म्हटलं, "तुझ्या मॅडमना दुसरी कामं नाहीत का?" तर हसतो. "अगं, साधी बाई आहे. तू उगाच जळतेस."

जळतेच! एवढी वर्षं खस्ता मी खाल्ल्या, आणि पोर गुणगान गाते परक्या बाईचं.

१२ जानेवारी

पूर्वाने केस कापून आणले. मॅडमसारखे.

१७ जानेवारी, शुक्रवार

हळदीकुंकू झालं. पूर्वाने मला न विचारता मॅडमना बोलावलं होतं! अल मवालेहच्या आमच्या दोन खोल्या, त्यात ही उंचच उंच बाई सतरंजीवर मांडी घालून. लगेच आमच्या सगळ्याजणी इंग्लिश फाडायला लागल्या. माझ्या, म्हणजे या मनालीच्या, घरी असं चालायचं नाही! म्हटलं, इथे मराठीच बोलायचं. मग काय — उखाणे झाले, सासवांची उणीदुणी झाली, मी तर माझ्या सासूची नक्कलच केली. बायका हसून लोळल्या. मॅडमना एक अक्षर कळलं असेल तर शपथ. सारख्या पूर्वाकडे वळायच्या, पण पूर्वाला तरी कुठे सगळं कळत होतं! म्हटलं, बसा आता दोघी अरबीत बोलत.

तिळगूळ दिला. 'गोड बोला' मुद्दाम म्हटलं नाही. जाताना त्या माझा हात हातात घेऊन थँक यू म्हणाल्या, आणि मागची भांडी आवरताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं. जराच.

२२ जानेवारी

स्वरूप दारातूनच ओरडत आला. मॅडमना बढती! उन्हाळ्यात मुंबईला जाणार, तिथल्या कचेरीच्या प्रमुख म्हणून. मी मनात म्हटलं, सुटले! खलास! जा बाई एकदाची.

पण कुठलं काय! नव्या जागी जायच्या आधी तिथली भाषा शिकायची, अशी त्यांच्यात पद्धत आहे म्हणे. आणि मास्तरीण कोण हवी? मी! "त्या दिवशी सगळ्यांना हसवत होती ना, तीच. काय बोलत होती ते मला समजायला हवं," असा निरोप.

आता सासूची नक्कल तिला समजावून सांगू? स्वरूपला म्हटलं, विचार करून सांगते. मग पूर्वासाठी आणलेलं पहिलीचं मराठीचं पुस्तक शोधलं. अगदी कोरं करकरीत आहे.

२ फेब्रुवारी

बाई हुशार आहे, मान्य. पन्नाशीची बाई गृहपाठ करून येते! चुकली की लाजत नाही, पुन्हा म्हणते. मीही पुन्हा सांगते. काल दोघी इतक्या हसलो की चहा उतू गेला.

पूर्वा सारखी दाराशी घुटमळत असते. आली बघायला तिच्या लाडक्या मॅडमना! अजून खुपतं ते.

५ फेब्रुवारी

मॅडम गेल्या आणि पूर्वाने पुस्तक आपटलं. "त्यांचं दहादा चुकलं तरी तू हसतेस. माझं एकदा चुकलं की ओरडतेस. जा, त्यांचीच आई हो तू!"

ढसाढसा रडतेय आत. माझ्यावरून जळतेय माझी पोर!