वामेचं बीळ

प्रिय नुरलिया,

तुझा निरोप मिळाला. पोट खाली उतरलंय म्हणतेस, म्हणजे दिवस भरत आले. पाय सुजले तर उशीवर ठेवून पडत जा. फोनवर बोलायचं तर तुझा बाप शेजारीच बसलेला असतो, म्हणून कागद घेतला.

इथं कसाव्याची कासुआमी करते, तो खात नाही. होडी धुतो, पण समुद्रात नेत नाही. शेजारची हालिमा विचारते, "झालंय काय तुझ्या नवऱ्याला?" म्हटलं, "तू तुझा सांभाळ."

आपला खडक आठवतो ना? तू झालीस तेव्हा तुझी वार तिथंच, वामेच्या बिळाशेजारी सोडली. वार म्हणजे थोरलं भावंड, ते पाण्यात; धाकटं, म्हणजे तू, घरात. तुला ताप आला की मी तिथंच पिवळा भात वाहायची. बिळापुढं हेकरू मासा डोकं खाली करून हलवायचा, मग वाम बाहेर यायची, आणि दोघं मिळून शिकारीला. पोवळ्याच्या फटीत दडलेलं ती हुसकायची, बाहेर पळालेलं तो गिळायचा. मोठे हेकरू जमतात ते तिथंच, हे तुझ्या बापाने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या अमावास्येला पलीकडच्या बेटावरचे चौघे धक्क्यावर बसलेले. म्हणाले, "काका, तुम्हाला आता पाण्यातलं काय दिसतंय? घरी बसून जाळी शिवा." सगळे हसले. त्याला झोंबलं. उठला आणि त्यांना नेऊन जागा दाखवली. त्यांच्याकडे बारूद भरलेल्या बाटल्या होत्या, ते ठाऊक नव्हतं म्हणतो. मी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बुडी मारून बघितलं. पोवळ्याचा नुसता चुरा. बारके मासे नाहीत, बीळ नाही. एक हेकरू तेवढा कुठूनसा आलेला, बिळाच्या जागी डोकं हलवत होता. थांबायचा, पुन्हा हलवायचा. कुणी बाहेर आलं नाही. मी घरी आले आणि भांडी घासली. रडू अजून आलेलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. वार घेऊन इकडे यायचं ठरलं होतं. येऊ नकोस. तिथल्या बायका करतात तशी मातीत पूर. पोर जमिनीचं होईल, होऊ दे. बापाला मी सांगणार आहे, डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलंय. तूही तेच सांग. नातवंडाची वार न्यायची म्हणून तो रोज ती होडी धुतोय.

तुझीच,
आई