उत्तरेच्या उतारावरचे ब्रह्मचारी

आखनाक्रीव,
३ मार्च १९८७

चि. एफी हिस, टॉर्कलदादाचे अनेक आशीर्वाद.

तू विणलेला स्वेटर पोचला. एक बाही आखूड झाली आहे, पण मेंढ्यांनी अजून नावं ठेवलेली नाहीत.

आपल्या घरामागच्या उत्तरेच्या उतारावर एक बाई आठवडाभर पावसात पालथी पडून होती. मला वाटलं, अंगठी हरवली असेल. विचारायला गेलो तर वनस्पतींच्या अभ्यासक निघाल्या. नाव उना गॅलब्रेथ. विधवा आहेत, वयानं माझ्याच आसपास. (लगेच उड्या मारू नकोस.) जुन्या हेदरच्या झुडपांखाली त्यांना एक दुर्मीळ लिव्हरवर्ट सापडलं आहे. मी शेवाळ म्हणालो तर रागावल्या. शेवाळाचं चुलत भावंड आहे म्हणे ते. बोटभर उंच, विटकरी, इवल्या इवल्या पानांचं. त्याला सावली, गारठा आणि बारा महिने ओल लागते, म्हणजे आपल्या गावाइतकी सोय दुसरीकडे कुठे होणार!

पंचाईत अशी की मेंढ्यांना कोवळा हेदर मिळावा म्हणून यंदा तो उतार जाळायचं घाटतं आहे. चराई समितीचा नवा चिटणीस नील म्हणतो, तिथल्या परीच्या शापाचं थोतांड आता पुरे झालं. उनाबाईंनी सभेत हात जोडायचेच बाकी ठेवले. म्हणाल्या, इथली सगळी रोपं नर आहेत, मादी कुठेच सापडत नाही, त्यामुळे एकदा जळली की संपली. हजारो वर्षं बिनबायकोची एकाच ओल्या जागी चिकटून बसली आहेत. त्यावर अख्खी सभा माझ्याकडे बघून हसली.

मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी जाऊन हेदर बाजूला सारून पाहिलं आणि एफी, मला फार वाईट वाटलं. हे जळता कामा नये. मेंढ्या माझ्याही आहेत, तरी सांगतो.

जावईबापूंना नमस्कार. माया आहे तेवढी असू दे, विणकाम सुधार.

तुझा,
टॉर्कलदादा


ग्लासगो,
१० मार्च

ती. दादास, एफीचा सा. न. वि. वि.

स्वेटरला नावं ठेवणाऱ्या माणसाला बायको मिळत नाही यात नवल ते काय? उनाबाईंना चहाला बोलावलंस की नाही? ओल्यात पडून दुखरे झालेले गुडघे घेऊन त्या परत जातील आणि तू मेंढ्या मोजत बसशील.

परीवरून मात्र पोट धरून हसले. आजोबा चर्चचे पंच, रविवारचं सोवळं मोडू नये म्हणून कोंबड्यालासुद्धा टोपलीखाली डांबणारे. त्यांची दारूची भट्टी त्याच उतारावर होती, हे आता तुझ्यामाझ्याशिवाय उघड बोलणारं कोण उरलंय? उंच हेदरच्या आड भट्टी लपावी म्हणून त्यांनीच ती परी जन्माला घातली. उतार जाळील त्याचं घर बसेल, असं सांगून ठेवलं. तुझे ब्रह्मचारी वाचले ते त्या शापानं.

पण दादा, सभेत हे बोलू नकोस. चर्चच्या भिंतीवर आजोबांच्या नावाची पाटी आहे.

आहे तसाच लोभ ठेव, बोलणी मात्र आवर.

तुझी,
एफी


आखनाक्रीव,
२९ मार्च

चि. एफी हिस, आशीर्वाद. रागाव, पण आधी वाच.

काल मतदान होतं. उनाबाई पुन्हा बोलल्या, पुन्हा कोणी ऐकलं नाही. नील म्हणाला, वारा बरा आहे, उद्याच पेटवू. मग मी उठलो. परी खोटी आहे, असं मीच म्हणालो. आजोबांची भट्टी सांगितली. म्हणालो, आजोबा शिस्तीचे होते, प्रत्येक घराचं मडकं वेगळं, त्यावर त्या त्या घराची खूण. उतार जळाला की काय काय उघडं पडेल, ते मी सांगू शकत नाही.

नीलच्या आजीनं गावात दारूबंदी मंडळ काढलं होतं, आठवतं ना? नीलनंच ठराव मांडला की विज्ञानाचा मान राखून उतार कायमचा तसाच ठेवावा. एकही हात खाली राहिला नाही.

आजोबांची पाटी भिंतीवर आहे. उतरवायला गेलं तर इतरांच्याही उतरवाव्या लागतील.

टॉर्कलदादा


ग्लासगो,
४ एप्रिल

ती. दादास, नमस्कार सोडून काहीच लिहिणार नव्हते.

पण भट्टीचं तांबं बाबांनी माझ्या लग्नात विकलं, माझे पांढरे बूट त्यातूनच आले. मडक्यांत आईनं जन्मभर हेरिंग मासे खारवले. मग त्या उतारावर आता आहे काय?

एफी


आखनाक्रीव,
९ एप्रिल

चि. एफी हिस, आशीर्वाद.

काहीच नाही. ब्रह्मचारी तेवढे आहेत.

आजोबांनी दारू झाकायला परी आणली, मी परीची जागा राखायला दारू आणली. त्यांना माझा रागच आला असता, पण मतदान पाहून कौतुकही वाटलं असतं.

उनाबाई चहाला आल्या होत्या. सप्टेंबरात पुन्हा येणार आहेत, रोपं कशी आहेत ते बघायला. स्वेटर सोबत धाडतो आहे, तोवर त्याची आखूड बाही लांब करून पाठव.

तुझा,
टॉर्कलदादा