फॉर्मवर नसलेली मिशरी

सनीव्हेल, २ फेब्रुवारी २००५

पोटातल्या बाळाचा आठवा आठवडा! डॉक्टरीणबाईंनी फॉर्म भरून घेतला. सिगारेट? नाही. दारू? नाही. ड्रग्ज? मला हसूच आलं. हे शेजारी बसून माझ्याआधीच "नो, नो" म्हणत होते. मिशरीचं कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. खोटं कुठे बोलले?

९ फेब्रुवारी

यांनी घरातली कॉफी फेकली. पपई बंद. माझं नेलपॉलिशसुद्धा कचऱ्यात! शेजारची हिमानी म्हणते, "यार कांचन, प्रल्हाद म्हणजे एकदम स्ट्रिक्ट सासूबाई आहे." मी हसले, आणि बाथरूमचं दार लावून घेतलं.

बाराव्या वर्षापासून मिशरी लावते. दाढ दुखत होती, आईनेच तव्यावर तंबाखू भाजून, कुटून दिली. आमच्या तासगावकडे कुणाच्या घरात नाही? पण हे पुण्याचे. यांना सांगितलंय, हिरड्यांचं औषध आहे.

१७ मार्च

हिमानीने लायब्ररीतून पुस्तक आणून दिलं. तंबाखू नको, कुठल्याही रूपात नको. ते वाक्य तीनदा वाचलं. भाजली म्हणून काय झालं, तंबाखूच की ती! आईला फोन लावला. "अगं, तुमच्या चौघांच्या येळंला लावलीच की मी. काय झालं तुमास्नी?" मधली दोन गेली, ती आई मोजत नाही.

१८ मार्च

मिशरीची डबी कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

१९ मार्च

परत काढली. डोकं फुटायची वेळ आली होती, यांच्यावर उगाच ओरडले. शी! कसली आई होणार मी.

२० जून

बाळ वाढत नाहीये, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आर यू ईटिंग वेल?" यांचा चेहरा एवढासा झाला. संध्याकाळी लवकर घरी येऊन स्वतः तूप-भात कालवला, भरवला. आता सांगावं, आता सांगावं... घास तोंडात तसाच. हल्ली दिवसातून एकदाच लावते. एकदा म्हणजे कमीच ना? विचारतेय कुणाला!

७ जुलै

सोडली. आज नववा दिवस. उगाच रडू येतं. पण सोडली. बाळा, जरा दम धर.

१४ जुलै

सकाळपासून हलत नाही.

१७ जुलै

मुलगी होती. कपाळ यांचं.

२२ जुलै

"यू डिड नथिंग राँग," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते ऐकवेना. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं. टोबॅको. ऑन टीथ. एव्हरी डे. त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत! म्हणाल्या, त्यानेही झालं असेल, नसेलही, नक्की सांगता येत नाही. आधी कळलं असतं तर सोडायला मदत केली असती. हे खिडकीबाहेर बघत होते.

२३ जुलै

शेवटी मीच म्हटलं, शिव्या द्या, पण बोला. हे म्हणाले, "लग्न झाल्यापासून माहीत आहे मला. आमची आईही लावायची. गोऱ्या डॉक्टरणीसमोर सांगायची लाज वाटली गं."