एकसष्ट विरुद्ध साठ

एल्ड्रिज मिल्स, व्हरमाँट
शनिवार, ८ मार्च १९९७

प्रिय डेल्फीन,

तुझी तब्येत बरी असेल. मॅरिएलच्या घरात हवा खेळत नाही, तेव्हा दमा सांभाळ. इथे सगळं ठीक आहे. मेपलचा रस यंदा लवकर सुरू झाला. रेमंड सकाळपासून रसाच्या बादल्या वाहतोय आणि पाठ धरली की माझ्यावर खेकसतोय. रस्त्यात एवढा चिखल आहे की पोस्टाची गाडी काल पुलाजवळ रुतून बसली होती. बर्निस तुझ्या मांजराला वेळेवर खायला घालते. मी स्वतः जाऊन बघून आले.

मंगळवारी गावसभा झाली. शाळेच्या अंदाजपत्रकात कपात झाली आणि तीत तुझी संगीतशिक्षिकेची जागा जायची वेळ आली आहे, हे मुख्याध्यापकांनी तुला फोनवर सांगितलंच असेल. मला वाईट वाटलं. लोक आता तुला हजार गोष्टी सांगतील आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी असेल, म्हणून मीच लिहायला बसले.

सकाळ नेहमीसारखी गेली. बर्फ काढायच्या नव्या ट्रकवर दीड तास खल झाला. मग शाळेचं अंदाजपत्रक आलं, आणि घरपट्टी वाढणार म्हटल्यावर लायल उठलाच. "माझ्या दोन खोल्यांवर एवढा कर? माझं एकही पोर शाळेत नाही!" त्यावर मागून रूथॅन ओरडली, "तुझी तीन पोरं शिकत होती तेव्हा कर कोण भरत होतं रे, तुझा घोडा?" सगळे हसले. अंदाजपत्रक मंजूर होणार हे दिसतच होतं. मी स्वतः त्याच्या बाजूने मत देणार होते. अध्यक्षाच्या खुर्चीतून वेंडेलने जेवणाची सुट्टी दिली नसती, तर बाराच्या आत विषय संपला असता.

जेवणाच्या रांगेत मी घेवड्याची उसळ आणि हॅम वाढून घेत होते. तेवढ्यात बर्निसने मागून मिठी मारली. "आजी झालीस की गं! डेल्फीनचा फोन आला होता, बाळ आलंय, आता आठवडाभर इथेच राहते, मांजराकडे बघ म्हणाली."

माझ्या लेकीला मूल झाल्याचं मला तुझ्या मांजरामुळे कळलं.

मी हसले. "हो ना, कालच कळलं," म्हणाले. बर्निसने आणखी काय काय विचारलं आणि मी काय उत्तरं दिली ते देवालाच ठाऊक. ताटातलं मी सगळं संपवलं, कारण टाकलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं.

थँक्सगिव्हिंगला मॅरिएलचं आणि माझं जे वाजलं ते तुला माहीत आहे. फिडल वाजवून पोट भरत नाही, नर्सिंग सोडू नकोस, एवढंच मी म्हणाले होते. आईने तेवढंही म्हणू नये? पण ती उठून तुझ्याकडे गेली, आणि त्या रात्री तू तिला तुझ्या घरात झोपायला खोली दिलीस. त्याच्याही आधीपासून हे असंच आहे. सातव्या वर्षी तू तिच्या हातात फिडल दिलीस, तेव्हापासून. पहिल्या कार्यक्रमानंतर ती धावत आली ती थेट तुझ्या गळ्यात. ताप चढला की मावशी हवी. वर्गात निबंध लिहायला सांगितला, "मला कोणासारखं व्हायचंय", तोही तुझ्यावर. मी तो निबंध फ्रिजच्या दारावर चिकटवला आणि वर्षभर रोज त्याच्यासमोर उभी राहून तिचा डबा भरला. तू लग्न केलं नाहीस, तुला मूल नाही, म्हणून गाव तुझ्याबद्दल हळहळतं. माझ्याबद्दल कोणी हळहळत नाही.

जेवणानंतर सभा पुन्हा सुरू झाली आणि एक उपसूचना आली.

आली कसली. मी मांडली. उभी राहिले आणि म्हणाले, "अंदाजपत्रकातून एक्केचाळीस हजार दोनशे डॉलर कमी करावेत." कपात कुठून करायची ते आपण ठरवू शकत नाही, ते शाळा समिती ठरवते, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण वार्षिक अहवालाच्या पुस्तिका सगळ्यांच्या मांडीवर होत्या. पानं उलटल्याचा आवाज आला, सबंध सभागृहातून. मग एकेक करून लोक थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. तुझा पगार बावीस नंबरच्या पानावर आहे, बरोबर तेवढाच.

मला वाटलं होतं, कोणी अनुमोदन देणार नाही आणि सूचना तिथेच पडेल. माझं एकदा बोलून झालं असतं, एवढंच मला हवं होतं. पण म्हाताऱ्या होबार्टला विसरले होते मी! तो चाळीस वर्षं प्रत्येक सूचनेला अनुमोदन देत आलाय, निदान चर्चा तरी व्हावी म्हणून. "अनुमोदन!" तो ओरडला, आणि त्याचं श्रवणयंत्र शिट्टी मारायला लागलं.

चर्चा झाली. रूथॅनने तिच्या धाकट्याचं सांगितलं, तो अडखळत बोलायचा आणि तुझ्या वर्गात गायला लागल्यावर मोकळा झाला ते. मला हे माहीत नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस. मी हात वर केला आणि म्हणाले, "मला माझ्या सूचनेच्या विरोधात बोलायचंय." वेंडेल चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "ओडेट, नियमाप्रमाणे सूचकाला स्वतःच्या सूचनेविरुद्ध बोलता येत नाही. मत मात्र विरोधात देता येतं."

आवाजी मतदानात निकाल कळेना, म्हणून वेंडेलने सगळ्यांना उठून उभं राहायला सांगितलं. कपातीच्या बाजूचे खिडक्यांकडे, विरोधातले रंगमंचाकडे. मी खिडकीशीच बसले होते. मध्ये फक्त खुर्च्यांच्या दोन रांगा होत्या, डेल्फीन. बर्निस समोरून माझ्याकडे बघत होती. आता उठून पलीकडे गेले तर सगळ्या गावाला कळेल की ही बाई बहिणीवर जळून उठली आणि मग घाबरली, असं माझ्या मनात आलं. मी जागची हलले नाही.

एकसष्ट विरुद्ध साठ. मी पलीकडे गेले असते तर उलटं झालं असतं. तू इथे असतीस तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत सूचना पडते. पण तू तिकडे होतीस, जिथे मी असायला हवं होतं.

त्या संध्याकाळी फोन वाजला. बुधवारीही वाजला, गुरुवारीही. मी उचलला नाही. तू असशील असं वाटलं. मॅरिएल असेल असंही वाटलं, आणि ते जास्त भीतीचं होतं.

फेरमतदानासाठी पाच टक्के मतदारांच्या सह्या लागतात, म्हणजे चौतीस. काल आणि आज मी दारोदार फिरले. प्रत्येक दारात सांगावं लागलं की सूचना माझी होती आणि ती मी कशासाठी मांडली. लायल म्हणाला, "कर वाढवायला माझी सही मागतेस? आणि तेही तू?" त्याने दार लावलं, मग परत उघडलं आणि सही केली. "तुझा चेहरा बघवत नाही," म्हणाला. होबार्टने न वाचताच सही केली. आत्तापर्यंत छत्तीस झाल्या आहेत. सोमवारी कागद नगर कारकुनाकडे देते. यावेळी चिठ्ठ्यांनी मतदान होईल. मी कोणाच्या बाजूने मत देणार ते मी छत्तीस जणांना तोंडाने सांगितलंय, तुला लिहून देते: तुझ्या.

यावरून मी सुधारले असं समजू नकोस. तुझा मला मत्सर वाटतो. हे लिहिताना वाटतोय, आणि ते पोरगं फिडल मागेल तेव्हा पुन्हा वाटेल. तुझी नोकरी वाचावी असंही मला मनापासून वाटतं. दोन्ही खरं आहे. तू यातलं जे ठेवायचं ते ठेव.

एक अडचण आहे, ती तुलाच सांगते. दारोदारी सगळे विचारतात, नातवंड कसं आहे? मी म्हणते, छान आहे. नाव विचारलं तर म्हणते, अजून ठरायचंय. बर्निससमोर सगळं ठाऊक असल्याचा आव आणला, त्यामुळे आता या गावात कोणाला काही विचारायची सोय उरली नाही. मॅरिएलला विचार, आणि ती हो म्हणाली तरच मला कळव. पोस्टकार्डावर एक शब्द पुरे.

मुलगा झाला की मुलगी?

तुझी बहीण, आणि लेकीने म्हणू दिलं तर बाळाची आजी,
ओडेट